कर्जात बुडालेले संस्थान आणि सोळाव्या वर्षी गादीवर आलेला राजा

जपानच्या ईशान्येकडील डोंगरांनी वेढलेले योनेझावा हे एकेकाळचे मातब्बर संस्थान. अठराव्या शतकात ते कर्जात इतके रुतले, की खुद्द राजाच ते सोडून द्यायला निघाला. त्यानंतर गादीवर आला दत्तक घेतलेला एक मुलगा. त्याने लावलेल्या शिस्तीचे फळ दिसायला छप्पन्न वर्षे लागली, आणि ते पाहायला तो स्वतः उरला नव्हता.

राज्य मिळवण्यासाठी लढलेल्या राजांच्या कथा इतिहासात पानोपानी आहेत. राज्य परत द्यायला निघालेला राजा मात्र विरळाच. १७६४ साली जपानमधल्या योनेझावा संस्थानचे आठवे अधिपती उएसुगी शिगेसादा यांच्यावर ही वेळ आली. ना शत्रू चालून आला होता, ना रयतेने बंड केले होते. तिजोरी रिकामी होती, सावकार दारात उभे राहायला तयार नव्हते आणि चाकरीतल्या सामुराईंना पगाराचा तांदूळ देणे अशक्य झाले होते. कारभार आपल्याला झेपत नाही, संस्थान शोगुनाच्या स्वाधीन करावे, असा विचार शिगेसादांनी आपल्या सासुरवाडीच्या बलाढ्य ओवारी घराण्यापुढे मांडला. तिथल्या मंडळींनी समजूत घातली म्हणून ते थांबले.

त्या काळी जपानात सम्राट क्योतोमध्ये नावापुरता होता. खरी सत्ता एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, तोकुगावा घराण्याच्या शोगुनाच्या हाती होती. देश सुमारे अडीचशेहून अधिक संस्थानांत विभागलेला होता. अशा संस्थानाला ‘हान’ आणि त्याच्या अधिपतीला ‘दाइम्यो’ म्हणत. संस्थानाचा दर्जा तांदळाच्या उत्पन्नावरून ठरे आणि त्याचे माप होते ‘कोकू’. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाला ढोबळमानाने वर्षभर पुरेल इतका. हे माप लक्षात ठेवले, की योनेझावाची सारी शोकांतिका तीन आकड्यांत कळते.

बारा लाखांवरून दीड लाखावर

उएसुगी हे योद्ध्यांचे घराणे. सोळाव्या शतकातील उएसुगी केन्शिन (१५३०-१५७८) हे नाव जपानी मुलांना आजही तोंडपाठ असते. त्यांचा भाचा आणि दत्तक पुत्र कागेकात्सु याच्याकडे १५९८ साली आइझूचा मुलूख आला. त्याचे उत्पन्न होते १२ लाख कोकू. पुढे १६०० साली सेकिगाहाराच्या रणात तोकुगावा इयेयासू विजयी झाला आणि कागेकात्सु हरलेल्या पक्षात निघाला. शिक्षा म्हणून १६०१ मध्ये त्याला योनेझावाला धाडण्यात आले, ३ लाख कोकूंवर.

उत्पन्न चौपटीने घटले, पण चाकरीतली माणसे कागेकात्सुने काढली नाहीत. पाच हजारांच्या आसपास सामुराई कुटुंबे त्याच्यामागून या बर्फाळ खोऱ्यात आली. त्याचा कारभारी नाओए कानेत्सुगु याने नद्यांना बांध घातले आणि नवे गाव वसवले. गावात मावेनात अशा खालच्या दर्जाच्या सामुराईंना त्याने बाहेरच्या माळावर जमिनी दिल्या. ते कमरेला तलवार लावत आणि हातात कुदळ धरत. निष्ठेला जागून माणसे सांभाळण्याचा हा निर्णय थोरच होता. पण त्याचे ओझे पुढच्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसले.

१६६४ साली तिसरे अधिपती त्सुनाकात्सु वारस न ठेवता अकस्मात वारले. नियमानुसार घराणेच बुडायचे. पण त्यांचे सासरे, आइझूचे होशिना मासायुकी, यांनी शब्द टाकला. त्सुनाकात्सुंच्या बहिणीचे तान्हे मूल दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. किंमत म्हणून मुलूख निम्मा झाला आणि दीड लाख कोकूंच्या हिशेबात जगणे नशिबी आले. माणसे होती तेवढीच, उत्पन्न मात्र मूळच्या आठव्या हिश्श्यावर.

त्या मुलाचा जन्मदाता होता किरा योशिनाका. सत्तेचाळीस रोनिनांची कथा ज्यांनी वाचली किंवा पडद्यावर पाहिली आहे, त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. आपल्या धन्याच्या मृत्यूचा सूड म्हणून ३० जानेवारी १७०३ च्या पहाटे रोनिनांनी ज्याचे डोके उडवले, तोच हा किरा. मुलगा उएसुगींच्या गादीवर बसल्यापासून किराच्या खर्चिक राहणीचा भार योनेझावाच्या तिजोरीवर पडत होता. शिवाय प्रत्येक दाइम्योला एक वर्षाआड एदोत राहण्याची सक्ती होती. तिथला वाडा, नोकरचाकर, मिरवणुका, नजराणे या साऱ्यांत बारा लाखांच्या काळातला थाट सोडायला कोणी तयार नव्हते. कर्ज वाढत वाढत २ लाख र्‍यो सुवर्णनाण्यांच्या घरात गेले.

दत्तक आलेला मुलगा

शिगेसादांनी दत्तक घेतलेला हारुनोरी दूर दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरील ताकानाबे या छोट्या संस्थानच्या अधिपतीचा धाकटा मुलगा. जन्म १७५१ चा. त्याची आजी उएसुगींच्या घरातली, एवढाच धागा. १७६७ साली वयाच्या सोळाव्या वर्षी तो योनेझावाचा नववा अधिपती झाला. उत्तरायुष्यात त्याने ‘योझान’ हे नाव घेतले आणि त्याच नावाने तो इतिहासात ओळखला जातो.

सुरुवात त्याने स्वतःपासून केली. एदोच्या वाड्यातला त्याचा खासगी खर्च वर्षाला १५०० र्‍यो होता, तो २०९ वर आणला. पन्नास दासींपैकी नऊ ठेवल्या. अंगावर सुती कपडे आणि जेवणात एक सार व एक तोंडीलावणे. बड्या घराण्यातल्या सरदारांनी नाके मुरडली. तीस हजार कोकूंच्याही आतल्या घरातून आलेल्या पोराला मोठ्या घराण्याची रीत काय कळणार, अशी कुजबुज सुरू झाली.

१७६९ मध्ये तो प्रथमच आपल्या मुलखात आला. वाटेतली गावे ओस पडलेली, घरे मोडकळीला आलेली. त्या प्रवासातली एक गोष्ट योनेझावात आजही सांगतात. पालखीतल्या शेगडीतली राख तो सहज चाळवू लागला. आग विझली असे वाटत असतानाच तळाशी एक निखारा सापडला. त्याने फुंकर घातली, नवा कोळसा पेटवला आणि सोबतच्या माणसांना म्हणाला, की तुम्ही असे निखारे व्हा. गोष्टीत लोककथेचा अंश असेलही. पण योनेझावाच्या लोकांनी आपल्या राजाची आठवण म्हणून जपली ती ही गोष्ट, हेही बोलकेच आहे.

घरात त्याची परीक्षा वेगळीच होती. शिगेसादांची मुलगी युकी हिच्याशी त्याचे लग्न झाले होते. जन्मापासून अपंग असलेल्या युकीची वाढ लहान मुलीपुढे गेलीच नाही. हारुनोरी तिच्यासाठी कागदाचे पक्षी करी, बाहुल्या करी आणि तिच्याशी खेळत बसे. वंशासाठी दुसरी बायको करावी लागली, तरी युकीला त्याने कधी दुखावले नाही. १७८२ मध्ये ऐन तिशीत ती गेली.

सात सरदारांचे बंड

काटकसर सर्वांनाच गोड लागते, जोवर ती दुसऱ्याने करायची असते. सामुराईंच्या वेतनातला मोठा हिस्सा संस्थान ‘उसने’ म्हणून कापून घेत होते. अधिपतीने १७७२ साली स्वतः शेतात उतरून नांगरणीचा विधी केला आणि मागोमाग सामुराईंना पडीक जमीन फोडायला, पूल आणि बांध दुरुस्त करायला पाठवले. ज्यांच्या सात पिढ्यांनी कुदळीला हात लावला नव्हता, त्यांना हा अपमान वाटला.

१७७३ मध्ये सात थोर सरदारांनी तरुण अधिपतीला वाड्यातच गाठले आणि ४५ कलमांचे तक्रारपत्र पुढे ठेवले. सुधारणांचा सूत्रधार कारभारी ताकेनोमाता मासात्सुना याला काढा, जुनी रीत परत आणा, अशी त्यांची मागणी होती. त्याला उठून जाऊही देईनात. अखेर निवृत्त अधिपती शिगेसादा आले आणि त्यांनी सरदारांना फटकारले. हारुनोरीने लगोलग शिक्षा केली नाही. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलावून त्याने विचारले, की यातली कलमे खरी आहेत काय? ती खरी नाहीत असे उत्तर आल्यावर निकाल दिला. सुदा आणि इमोगावा या दोघांना सेप्पुकू, म्हणजे स्वतःच्या हाताने पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली. उरलेल्या पाच जणांना नजरकैद आणि वेतनकपात. संत म्हणून रंगवल्या जाणाऱ्या या राजाच्या चरित्रातले हे पान रक्ताचे आहे. ते वगळून ही कथा सांगता येत नाही.

फसलेली झाडे, तरलेले माग

ताकेनोमाताची योजना भव्य होती. लाखेची, तुतीची आणि कागदासाठी लागणाऱ्या कोझोची प्रत्येकी दहा लाख झाडे लावायची. लाखेच्या झाडाच्या फळांपासून मेणबत्त्यांचे मेण निघे. ते विकून तिजोरी भरायची. वाड्यांच्या आवारात, नदीकाठी, देवळांच्या अंगणात रोपे लागली. पण नैऋत्येकडच्या संस्थानांतून वेगळ्या झाडाचे मेण बाजारात येऊ लागले होते. ते दर्जाने चांगले आणि स्वस्तही. योनेझावाच्या मेणाला भाव मिळेना आणि सर्वांत जिच्यावर भिस्त होती ती बाजूच लंगडी पडली.

तरला तो दुसरा उद्योग. या खोऱ्यात ‘आओसो’ नावाच्या झाडाचा तागासारखा धागा होई. पिढ्यान्‌पिढ्या तो कच्चा माल म्हणून बाहेर जाई आणि कापड विणून नफा कमवीत ते नाराचे आणि ओजियाचे विणकर. मग धागा इथेच का विणू नये? १७७६ साली एचिगो प्रांतातून जाणते विणकर आणवले आणि सामुराई घरांतल्या बायका-मुलींना माग शिकवला. पुढे तुतीच्या पानांवर रेशमाचे किडे आले आणि योनेझावाचे कापड रेशमी झाले. जी घराणी कुदळीला नाक मुरडत होती, त्यांची चूल घरातल्या बाईच्या मागावर पेटू लागली.

त्याच वर्षी ‘कोजोकान’ ही शाळा सुरू झाली. तिला नाव दिले हारुनोरीचे गुरू होसोई हेइशू यांनी. १७९६ मध्ये हे वृद्ध गुरू पुन्हा योनेझावाला आले, तेव्हा राजा गावाबाहेर सेकिने या ठिकाणी सामोरा गेला आणि स्वतः वाट दाखवत त्यांना देवळात घेऊन गेला. दर्जाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

दुष्काळ आणि पायउतार

१७८३ मध्ये आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. आधीच थंडीने पिके मारली जात होती. तेन्मेई काळातल्या या दुष्काळात ईशान्य जपानात माणसे हजारोंनी मेली. योनेझावाने कोठारे उघडली, साकाता आणि एचिगोकडून तांदूळ विकत आणला. इथे एकही माणूस उपासाने मेला नाही, असे पुढे सांगितले जाऊ लागले. ती अतिशयोक्ती आहे, कारण त्या वर्षांत इथलीही लोकसंख्या घटली. पण शेजारच्या मुलखांत माजला तसा हाहाकार इथे माजला नाही, हे खरे.

दुष्काळाने साठवलेले पैसे गिळले. त्याआधीच, १७८२ मध्ये, मनमानी आणि चैनीचे आरोप आल्याने ताकेनोमातालाही काढावे लागले होते. १७८५ साली हारुनोरीने ३४ व्या वर्षी गादी सोडली आणि शिगेसादांचा पोटचा मुलगा हारुहिरो याच्याकडे ती सोपवली. सोपवताना तीन कलमांचा एक छोटा लेख दिला. त्याचा आशय असा, की राज्य हे पूर्वजांनी दिलेले आणि वंशजांना द्यायचे आहे, ते राजाच्या मालकीचे नाही. रयत राज्याची आहे, राजाची नव्हे. आणि राजा आहे तो राज्यासाठी व रयतेसाठी, त्यांचे अस्तित्व राजासाठी नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांती व्हायला अजून चार वर्षे होती. अर्थात ही लोकशाही नव्हे. रयतेचे हित कशात आहे हे राजाच ठरवणार होता. पण पुढे गादीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हा लेख दिला जाई.

निवृत्तीनंतर काटकसर सैलावली, तूट पुन्हा वाढली. १७९१ पासून नोझोकी योशिमासा या कारभाऱ्याच्या हातून सुधारणांचा दुसरा डाव सुरू झाला, आणि मागे निवृत्त योझान उभे होते. या वेळी भव्य बेत नव्हते. सोळा वर्षांचा हिशेब मांडला, कोणालाही सूचना टाकता येईल अशी पेटी ठेवली, गरिबीपायी तान्ही मुले मारण्याची चाल थांबावी म्हणून बाळंतिणींना मदत दिली. १८०२ साली ‘काटेमोनो’ ही पुस्तिका छापून वाटली. तांदूळ नसेल तेव्हा कोणती ऐंशीएक रानपाने, मुळे खाता येतात आणि ती कशी शिजवावीत, याची त्यात माहिती होती. प्रती होत्या १५७५. तीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ आला, तेव्हा ती कामी आली.

योझान १८२२ मध्ये वारले. योनेझावाचे जुने कर्ज फिटले ते त्यानंतरच्या वर्षी, १८२३ साली.

संस्थान गेले, कुंपण राहिले

१८६८ च्या यादवीत योनेझावा शोगुनाच्या बाजूच्या ईशान्य संस्थानांच्या आघाडीत गेले, हरले आणि पुन्हा थोडा मुलूख गमावून बसले. १८७१ मध्ये जपानातली सारीच संस्थाने खालसा झाली. १८७८ साली इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी या खोऱ्यातून गेली, तेव्हा नांगरलेली, निगुतीने राखलेली शेते पाहून तिला नंदनवन आठवले. उचिमुरा कान्झो यांनी १८९४ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जपानच्या पाच थोर पुरुषांत योझानला जागा दिली. अमेरिकेच्या राजदूत कॅरोलाइन केनेडी २०१४ साली मुद्दाम योनेझावाला आल्या, त्या याच राजाच्या नावाखातर.

आज यामागाता प्रांतात असलेल्या योनेझावात किल्ला उरलेला नाही. खंदकाच्या आत देऊळ आहे, आणि गावाबाहेर देवदारांच्या सावलीत अधिपतींच्या समाध्या आहेत. मात्र जुन्या सामुराई वस्तीतून चालताना लक्ष वेधून घेतात ती ‘उकोगी’ची काटेरी कुंपणे. योझानच्या काळात त्यांना उत्तेजन मिळाले ते दुहेरी उपयोगासाठी. काट्यांनी घर राखले जाते आणि वसंतात कोवळी पाने खुडून भातात घालता येतात. पाने किंचित कडवट लागतात. दुष्काळ विसरला गेला, तरी योनेझावाची घरे दर वसंतात ती खुडतात.