मलकपेठची रेस

शनिवार, सकाळचे सात. गंजबाजाराच्या बाजूनं वारा फिरला की दादाच्या गच्चीवरच्या खोलीत आधी मिरचीचा खकाणा शिरतो, मागून कांद्याचा वास. मी शिंकते. भाचा मान वर न करता म्हणतो, "आत्या, खिडकी लाव," आणि परत लॅपटॉपात घुसतो.

मी काल नांदेडहून हैदराबादला आले, काचीगुड्याला उतरले. मलकपेठ पुढचंच स्टेशन. सोमवार ते शुक्रवार हा मेट्रोनं हायटेक सिटीकडे जातो, पगाराचं काम तिकडे. शनिवारचं हे बिनपगारी. शेजारच्या गल्लीतला त्याचा दोस्तही आलाय. चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्कीट गळून पडायच्या आत तोंडात टाकायची त्याची हातोटी बघत राहावी अशी आहे.

"काय चाललंय?" मी विचारते.

"पॅच तपासतोय. पोस्टग्रेसचा."

पॅच म्हणजे ठिगळ, एवढं मला कळतं. पडद्यावर ते ठिगळ दिसतं: काही ओळींपुढे उणे, काहींपुढे अधिक. उणे म्हणजे काढा, अधिक म्हणजे घाला. मी पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. ही खूण मला परकी नाही. फरक इतकाच की आमच्याकडे लेखक दुरुस्ती बघून चडफडायचा आणि गप्प बसायचा. इथे लेखक उलटून विचारतो, का? आणि सगळ्या जगासमोर विचारतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस. १९८६ साली बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली त्याचं काम सुरू झालं, १९९६ साली त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळालं. तेव्हापासून तो कुणा एका कंपनीचा नाही. कुणीही उघडून बघावा, बदलून वापरावा. पण मूळ प्रतीत बदल घालायची मुभा जगभरातल्या जेमतेम तीसेक लोकांना. त्यांना कमिटर म्हणतात. बाकीच्यांनी ठिगळ ई-मेलनं पाठवायचं आणि वाट बघायची. वर्षातून पाच महिने तपासणीचे. त्याला कमिटफेस्ट म्हणतात. मला आधी वाटलं उरूसच असेल. शिस्त अशी की स्वतःचा पॅच मांडला, तर तोलामोलाचा दुसऱ्याचा एक तपासून द्यायचा. भाच्यानं मागच्या महिन्यात एक मांडलाय. ही त्याची परतफेड.

पॅच लागतच नाही. 'हंक फेल्ड' असा शेरा येतो. मधल्या काळात मूळ प्रत पुढे सरकलीय, ठिगळ जिथे बसायचं तिथलं कापडच बदललंय. भाचा हातानं त्या चार ओळी जागेवर बसवतो. मग कोडची बांधणी सुरू होते. पंखा घरघरायला लागतो, लॅपटॉपचा आणि खोलीचाही. मग चाचण्या: एकेक नाव, पुढे 'ओके', पुढे किती मिलिसेकंद लागले तो आकडा. दोनशेहून जास्त ओळी सरसर वर जातात.

"सगळे पास," मी म्हणते.

"थांब ना आत्या. आता खरी गंमत."

तो मुख्य दुरुस्ती काढून टाकतो. पॅचसोबत लेखकानं दिलेली नवी चाचणी मात्र तशीच ठेवतो. पुन्हा बांधणी, पुन्हा सरसर ओळी. दोघं पुढे झुकून बसलेत. ही चाचणी आता नापास व्हायला हवी. दोष परत आणलाय, तेव्हा तिनं बोंब ठोकायला हवी.

ओके.

"अरे!" दोस्त बिस्कीट खाली ठेवतो. "ये टेस्ट तो कुछ बी नै पकड री."

रोग असताना आणि नसताना तेच निदान देणारा वैद्य! लेखक खोटारडा आहे असं नाही. त्याच्या मशीनवर दहातून एकदा पकडत असेल, भाचा सांगतो, कारण दोष रेसचा आहे.

नेमका याच वेळी दादा चहाचा दुसरा थर्मास घेऊन वर येतो. 'रेस' एवढाच शब्द त्याच्या कानावर पडतो. "रेसला जाताय? मग पुस्तक तरी आणा आधी." मलकपेठेत रेस म्हटलं की घोडे. सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खाँनं, १८८६ साली शर्यती इथे आणल्या, आपल्या महबूब मॅन्शनपासून जवळ पडतात म्हणून. दादानं नोकरीत असताना त्या मैदानावर किती घालवले हे वहिनीला अजून पूर्ण ठाऊक नाही. मी तो विषय काढत नाही.

"बाबा, घोडे नाहीत. दोन प्रोसेस. एकीनं यादी वाचली, ती वापरायच्या आत दुसरीनं बदलली. कोण आधी पोचतं त्यावर निकाल."

"मग घोडेच की," दादा म्हणतो आणि खाली जातो. मला त्याचं म्हणणं पटतं.

भाचा मला याच जातीचा एक जुना दोष समजावून सांगतो. त्यात नाव पुण्याच्या पवन देवलसी यांचं आहे, आणि ते सांगताना त्याचा आवाज किंचित चढतो. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलायची म्हणजे जुनी पुसत नाहीत. नवी प्रत लिहितात, जुनी मागे राहते, तिचा केर पुढे व्हॅक्यूम काढतो. पण प्रत्येक नव्या प्रतीची नोंद सगळ्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधायच्या सूचींत, करत बसलं तर खर्च फार. देवलसींनी अनेकांच्या कल्पना गोळा करून यावर 'हॉट' नावाची सोय लिहिली. बदललेला रकाना कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सला हात लावायचा नाही. जुन्या प्रतीवरून साखळी धरून नवीपर्यंत जायचं. फेब्रुवारी २००८ मध्ये ८.३ या आवृत्तीत ती आली.

२०१७च्या जानेवारीत ते 'वॉर्म' नावाच्या पुढच्या सुधारणेला ताण देऊन बघत होते. चालू कामात नवा इंडेक्स बांधला की मधूनच हिशेब चुके. त्यांना वाटलं, चूक आपल्याच नव्या कोडात. बराच शोध घेतल्यावर कळलं की दोष मूळ प्रतीतच आहे, आणि मागे ९.२पर्यंतच्या आवृत्त्यांत दिसतोय.

मी ते माझ्या भाषेत लावून बघते. आमच्या सोसायटीत मोबाइल नंबरांची नवी यादी करायला घेतली. यादी चालू असतानाच कुणीतरी नंबर बदलला. वॉचमनकडे फर्मान जुनंच: नंबरांची यादीच नाही, तेव्हा कळवायची गरज नाही. तो मुकाट्यानं रजिस्टरात नंबर बदलतो, यादीवाल्याला सांगत नाही. यादी पूर्ण होते, सुबक दिसते आणि चुकीची असते.

"बराबर," दोस्त म्हणतो. "और एरर बी नै आता. वो डेंजर है."

पुढच्या आवृत्त्या गुरुवारी ९ फेब्रुवारीला निघायच्या होत्या. वाद पेटला. इतकी वर्षं राहिलेला दोष आणखी तीन महिने राहिला तर काय बिघडतं, घाईची दुरुस्ती त्याहून वाईट, हे एक म्हणणं. माहिती बिघडतेय हे कळल्यावर गप्प कसं बसायचं, हे दुसरं. दुरुस्ती कशी करायची यावरही मतं वेगळी. शेवटी टॉम लेन यांनी सोमवारी, ६ तारखेला, दुरुस्ती घातली. कुठले रकाने इंडेक्समध्ये आहेत ती यादी तयार करायला घेताना इंडेक्स जे होते तेच शेवटीही आहेत का बघायचं. नसतील तर पुन्हा पहिल्यापासून. सोबत लिहून ठेवलं की याहून चांगला उपाय असू शकेल, अभ्यास चालूच राहील, पण यानं सुधारतं, बिघडण्याची शक्यता कमी, तेव्हा आजच जाऊ द्या. गुरुवारी पाच चालू शाखांच्या पाच आवृत्त्या निघाल्या, ९.६.२पासून ९.२.२०पर्यंत.

"आणि ते वॉर्म?"

"ते आलंच नाही कधी मूळ प्रतीत."

ज्याच्यापायी दोष सापडला ते काम बाहेर राहिलं, दोषाची दुरुस्ती आत गेली. भाचा हे अगदी सहज सांगतो, जणू त्यात विशेष काही नाही. मला मात्र पुढची दोन वाक्यं ऐकू येत नाहीत.

तोवर दोघांची जुंपलीय. पॅचच्या लेखकानं उपाय म्हणून कुलूप आधीच लावून टाकलंय. दोस्ताचं म्हणणं, कुलूप लावून बसलं तर बाकीचे सगळे दारात ताटकळणार. तपासून पुन्हा फिरणं बरं. भाचा म्हणतो, पुन्हा पुन्हा फिरत राहिलं तर? गर्दीच्या वेळी थांबणारच नाही. दोस्त म्हणतो, थांबतं. "मोजलंयस?" "तुमने?" कुणीच मोजलेलं नाही. दोघं एकदम गप्प होतात आणि बिस्किटांचा पुडा मधोमध सरकतो.

मग चाचणीचा प्रश्न. नशिबावर सोडायचं नसेल तर पहिल्या प्रोसेसला नेमक्या ओळीवर अडवून धरायला हवं, दुसरी पुढे गेली की सोडायचं. त्यासाठी इंजेक्शन पॉइंट नावाची सोय आहे. पण ती २०२४च्या १७व्या आवृत्तीत आली. दुरुस्ती मागच्या सगळ्या चालू शाखांत न्यायची तर, प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं आधार असल्यामुळे, १७च्या आधीच्या शाखांत दुरुस्ती जाईल पण चाचणी जाणार नाही.

"दोष आला कधीपासून?" मी विचारते.

"परसों से," दोस्त हसतो. हैदराबादेत परसों म्हणजे परवा, गेला महिना किंवा दहा वर्षांपूर्वी; ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. भाचा हसत नाही. जुन्या नोंदी ओळीओळीनं मागे चाळत तो खरंच ते परसों शोधायला बसतो. वीस मिनिटांनी सापडतं.

खाली भोंगे वाजतायत, कांद्याचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकलाय. उत्तर लिहायची वेळ आलीय. पसंत असेल तर अधिक एक, नापसंत तर उणे एक, अशी तिथली चाल. भाचा उणे एक लिहितो, खोडतो.

"सीधा नक्को बोलो ना मियाँ."

"नक्को कसं बोलू? त्यानं चार महिने घातलेत."

'नक्को' हा आपला 'नको'च, दखनीत जाऊन जरा लठ्ठ झालेला. लठ्ठपणात एक माया आली असावी. नांदेडचा नको तोडून टाकतो, इथला पाठीवर हात ठेवून नाही म्हणतो. भाचा इंग्रजीत तसंच काही जुळवू बघतोय. आधी आभार. मग दोष खरा आहे, मला इथे दिसला, हे. मग दुरुस्ती काढूनही चाचणी पास होते, आणि ते करून बघायच्या नेमक्या पायऱ्या, म्हणजे समोरच्याला माझ्या शब्दावर विसंबायला नको. कुलपाबद्दल मत देत नाही, आकडे मागतो. शेवटी स्थिती बदलतो: 'वेटिंग ऑन ऑथर'. चेंडू लेखकाच्या अंगणात.

"यातून मिळतं काय तुला?" न राहवून मी विचारतेच.

"पॅच आत गेला तर खाली एक ओळ येते. रिव्ह्यूड बाय, आणि नाव."

बस. मुद्रितशोधकाचं तर नावही कुठे छापत नाहीत, म्हणजे हा माझ्याहून बरा. तो पाठवायच्या बटणाकडे बोट नेतो. मी चष्मा पुसून त्या अधिकवाल्या ओळी एकदा बघते. कोड मला कळत नाही. मध्ये माणसांसाठी लिहिलेली इंग्रजी टिपणं असतात, ती कळतात.

"थांब. ही ओळ बघ. 'द' दोनदा पडलाय. एक ओळीच्या शेवटी, दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला."

दोघंही वाकतात. दोनदा वाचतात. सकाळपासून ती ओळ त्यांच्या डोळ्यांखालून वीस वेळा गेली असेल.

"हौ रे," दोस्त म्हणतो.

भाचा उत्तरात शेवटचा मुद्दा जोडतो, ओळीच्या क्रमांकासकट. मग माझ्याकडे वळतो. "आत्या, तुझंही नाव लिहू? खरंच लिहितात."

"नक्को," मी म्हणते, आणि खिडकी उघडते.