किंचाळणाऱ्यांचं समग्र वाङ्मय

आपल्याकडे लेखकाचं समग्र वाङ्मय बहुधा तो गेल्यावर निघतं, तेही जन्मशताब्दीच्या सुमारास आणि अनुदान मंजूर झालं तर. अमेरिकेतल्या ‘स्क्रीमो’ नावाच्या संगीतात मात्र ते तेराव्यालाच हातात पडतं. पोरं बँड काढतात, दोन-तीन वर्षं जीव तोडून वाजवतात, भांडून किंवा दमून वेगळी होतात. मग त्यांनी जे काही ध्वनिमुद्रित केलं ते सगळं एका सीडीवर घालून कुणीतरी बाजारात आणतं. हिला डिस्कोग्राफी सीडी म्हणायचं. न्यूयॉर्कच्या सेशा या बँडची माझी ओळख अशाच सीडीने झाली. तिचं नाव ‘अ रेट्रोस्पेक्टिव्ह’, साल २००१. बँड १९९७ मध्ये सुरू होऊन १९९९ मध्ये संपलाही होता. ज्यांचं सिंहावलोकन चाललं होतं त्यांना कॉलेज सोडून फार दिवस झाले नसतील. (शोधणाऱ्यांसाठी: इंग्रजी अक्षरं एस, ए, ई, टी, आय, ए. नुसत्या उच्चारावरून शोधाल तर भलतंच काहीतरी सापडेल.)

सीडी आली ती न्यू जर्सीत शिकून परतलेल्या मावसभावाच्या सामानातून. त्याला ती नको होती. मी ती रात्री संगणकावर लावली आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आईने दार ठोठावलं, कुणाला लागलंय का म्हणून. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. या संगीतात गायक गात नाही, ओरडतो. आणि तो ओरडा हेवी मेटलमधल्यासारखा राक्षसी, पोटातून काढलेला नसतो. तो घसा फाटलेल्या, रडवेल्या माणसाचा असतो.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग वगैरे बँडनी हार्डकोर पंकमध्ये राजकीय घोषणांऐवजी स्वतःचं दुःख आणलं. नव्वदीच्या सुरुवातीला सॅन डिएगोत ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्सच्या आसऱ्याने हेरॉइन, अँटिऑक अ‍ॅरो या बँडनी ते अधिक वेगवान आणि बेभान केलं. तिथून ही लागण देशभर झाली. पुढे २००० नंतर रेडिओवरच्या गुळगुळीत बँडनाही स्क्रीमोच म्हणू लागले आणि जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला. झालं. हा इतिहास कुठेही वाचायला मिळेल.

सेशाची गंमत वेगळी आहे. बाकीचे बँड पंकमधून आले तसे हेही आले, पण त्यांचा एक कान जॅझकडे होता. बँडचं नावच माइल्स डेव्हिसच्या ‘स्केचेस ऑफ स्पेन’ या १९६० च्या तबकडीतल्या ‘साएता’ या तुकड्यावरून घेतलेलं, तेही स्पेलिंग चुकवून. त्यांच्या शेवटच्या, १९९९ च्या दहा इंची रेकॉर्डचं नाव ‘एरोनेल’, म्हणजे जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकने गाजवलेली धून. बँड मोडल्यावर त्यातल्या गिटारवादक जेमी बेहर आणि स्टीव्ह रोश यांनी नवा बँड काढला, त्याचं नाव ‘ऑफ मायनर’. पुन्हा मंकच.

कॉलेजातली पोरं शहाणपणा दाखवायला अशी नावं ठेवतात, असं मलाही आधी वाटत असे. मग एकदा ‘साएता’ नीट ऐकलं. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मूर्ती घेऊन मिरवणूक निघते. ती एखाद्या सज्जाखाली थांबते, बँड बंद होतो आणि वरून एक बाई कुठल्याही साथीशिवाय मूर्तीला उद्देशून आर्त स्वरात गाते. तिचं गाणं संपलं की ढोल वाजतात, मिरवणूक पुढे सरकते. तबकडीचा संगीतसंयोजक गिल एव्हान्स याच्या मांडणीत त्या बाईची जागा माइल्सच्या ट्रम्पेटने घेतली आहे. आता सेशाचं कुठलंही चांगलं गाणं घ्या. दोन गिटार एकमेकींत गुंफलेल्या, जवळजवळ नाजूक. ड्रम काठाकाठाने चालल्यासारखे. मग सगळं थबकतं आणि गायक बिली वर्नरचा आवाज फुटतो. मला तरी ही मांडणी तीच वाटते. त्या पोरांनी ती जाणूनबुजून उचलली असेल असं मी म्हणत नाही, पण कानावर पडलेलं कुठे जात नाही.

गाण्यांची नावंही पाहण्यासारखी. ‘रोकांतँ’ हा सार्त्रच्या ‘नॉशिया’ कादंबरीचा नायक; ‘एंडिमियन’ आणि ‘एरिआडनीज थ्रेड’ ग्रीक पुराणातले; ‘व्हीनस अँड बॅकस’ रोमन. ही पोरं न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आसपासची, त्यामुळे पहिल्या वर्षाची वाचनयादी थेट तालमीच्या खोलीत आलेली दिसते. एका गाण्याचं नाव तर फ्रेंचमध्ये आहे आणि त्या तीन-चार शब्दांत व्याकरणाच्या चुका आहेत. मला ही चूक फार आवडते. वीस वर्षांच्या माणसाने सार्त्र वाचावा, फ्रेंच चुकवावं आणि त्यावर गळा फाटेस्तोवर ओरडावं, हे वयाला शोभणारंच आहे.

डिस्कोग्राफी सीडी या संगीताला का लागली, हे तबकडीच्या मापात दडलेलं आहे. या बँडांचं नेहमीचं माध्यम सात इंची तबकडी. पंचेचाळीसच्या वेगाने ती एका बाजूला साधारण चार-पाच मिनिटं घेते. आवाज जितका मोठा तितकी खाच रुंद होते आणि जागा तितकी कमी उरते; हळू वाजणाऱ्या भागात मात्र सुईची खरखर वर येते. सेशासारख्या, कुजबुज आणि स्फोट एकाच गाण्यात ठेवणाऱ्या बँडला तर ही दोन्हीकडून मार. शिवाय अशा तबकड्या थोड्याच निघत, मैफलीच्या दाराशी किंवा टपालाने विकल्या जात आणि संपत. कॅलिफोर्नियातलं ‘हार्टअ‍ॅटॅक’ हे या वर्तुळातलं नियतकालिक बारकोड छापलेल्या रेकॉर्डचं परीक्षणच करत नसे. म्हणजे मोठ्या दुकानात जायचा रस्ता तत्त्व म्हणूनच बंद. माझ्यासारख्या पुण्यात बसलेल्या माणसापर्यंत ते सात इंच पोचायचं काही कारणच नव्हतं. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीत मात्र अख्खी हयात मावायची, जागा उरायची.

ही सीडी काढली बँडचाच ड्रमर ग्रेग ड्रूडी याच्या लेव्हल प्लेन या कंपनीने. हाच ड्रूडी त्या काळात इंटरपोल बँडमध्येही ड्रम वाजवत होता. २००० मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि २००२ मध्ये इंटरपोलचा पहिला अल्बम येऊन ते जगप्रसिद्ध झाले. हळहळ वाटते खरी, पण त्याच वर्षी लेव्हल प्लेनने सिटी ऑफ कॅटरपिलर या बँडचा अल्बम काढला. या दोहोंतला एकच ठेवा म्हटलं तर मी डोळे झाकून दुसरा ठेवीन.

सेशाचा शेवटचा कार्यक्रम झाला ‘एबीसी नो रिओ’मध्ये, आणि या जागेबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १९८० च्या पहिल्याच दिवशी काही कलावंतांनी मॅनहॅटनच्या डिलान्सी स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या सरकारी इमारतीत घुसून ‘रिअल इस्टेट शो’ नावाचं प्रदर्शन भरवलं. विषय: जमीन, घरभाडं आणि दलाल. पालिकेने लगेच कुलूप ठोकलं. बोभाटा झाला, जर्मन कलावंत योझेफ बॉइससुद्धा पाठिंब्याला येऊन उभा राहिला. शेवटी पालिकेने वाटाघाटी करून त्यांना जवळच रिव्हिंग्टन स्ट्रीटवर १५६ नंबरचं मोडकळीला आलेलं घर दिलं. समोर एका वकील-नोटरीची स्पॅनिश पाटी होती, अक्षरं गळालेली. उरलेल्या अक्षरांतून जागेला नाव मिळालं.

नव्वदीच्या तोंडावर तिथे शनिवारी दुपारी हार्डकोर मॅटिनी सुरू झाली. सीबीजीबी या प्रसिद्ध अड्ड्यावरच्या रविवारच्या मॅटिनीत मारामाऱ्या फार होऊ लागल्या होत्या, त्याला हे उत्तर. नियम असा, की वंशद्वेषी, बायकांचा किंवा समलिंगींचा अपमान करणारी गाणी इथे चालणार नाहीत. त्यासाठी बँडच्या गाण्यांचे शब्द आधी वाचून पाहिले जात. ओरडा कितीही, पण काय ओरडताय ते कळलं पाहिजे! वरच्या मजल्यांवर हस्तलिखितवजा नियतकालिकांचं वाचनालय, फोटो धुवायची अंधारी खोली, स्क्रीन प्रिंटिंगची सोय. सेशा हा बँड या घराने घडवला असं म्हणायला मी तयार आहे. जिथे धक्काबुक्कीची भीती नाही तिथेच कुणी इतकं हळू वाजवायचं धाडस करतो.

काही वर्षांपूर्वी भावाकडे गेलो होतो तेव्हा हट्टाने ती जागा पाहायला गेलो. तिथे काहीच नव्हतं. २००६ मध्ये पालिकेने ते घर संस्थेला एका डॉलरला विकलं होतं, पण ते दुरुस्त होण्यापलीकडे गेलेलं. २०१७ मध्ये पाडलं. मोकळ्या प्लॉटभोवती कुंपण होतं. शेजारी १९२५ पासून चालत आलेला स्ट्राइट्सचा कारखाना असे, ज्यूंच्या वल्हांडण सणाची बिनखमिराची पातळ भाकरी भाजणारा. तोही २०१५ मध्ये शहराबाहेर गेला आणि त्याच्या जागी महागडे फ्लॅट उभे राहिले. एका भिंतीपलीकडे भट्टी, अलीकडे हे रडणं-ओरडणं, असे कित्येक शनिवार गेले असतील, या विचाराने मी बराच वेळ फुटपाथवर रेंगाळलो. भाऊ मोबाइलमध्ये जेवायची हॉटेलं शोधत होता. २०२४ मध्ये नव्या इमारतीचं काम त्याच जागी सुरू झालं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

बँडही पूर्ण मेला नाही म्हणायचा. २०१६ मध्ये ‘कलेक्टेड’ नावाने सगळी गाणी पुन्हा तबकडीवर आली आणि २०२२ मध्ये मंडळी चक्क एकत्र येऊन वाजवू लागली. मला त्याचा आनंद आहे, पण उत्सुकता नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी ती गाणी नेटकी वाजवली तरी मला हवी आहे ती १९९८ ची धडपड.

ऐकायचं असेल तर एक सांगतो. सगळी सीडी एका बैठकीत ऐकू नका; डोकं दुखेल आणि गाणी एकमेकांत मिसळतील. ही गाणी सात आणि दहा इंचांच्या बेताने केलेली आहेत, तशीच घ्यावीत: एका वेळी दोन, फार तर तीन. आधी माइल्सचं ‘साएता’ लावा, मग ‘व्हीनस अँड बॅकस’. हेडफोन टाळा, स्पीकरवर ऐका, आणि घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.