पांढरीतलं तांबं

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांचं बांधकाम चालू होतं. किल्ला हाती येऊन त्यांना जेमतेम तेरा वर्षं झाली होती. पाया खणताना कुदळीखाली तांब्याचे कोरीव पत्रे आले. जनरल कार्नाक यांच्यामार्फत त्यांची हकिगत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली, रामलोचन पंडितांनी मजकुराचा अर्थ लावला आणि सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, तो छापून आला. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याचं हे दानपत्र, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चं. तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. त्यामुळे तिथे आता कुणी हौसेनं खणायला जाणार नाही हे एक बरं.

ठाण्याच्या परिसरात जमिनीतून मोलाचं जे वर आलं, ते बहुतेक असंच, दुसरंच काही करताना. छित्तराजाचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुपच्या एका शेतकऱ्याला शेतात खणताना मिळाला. कल्याणला दुर्गाडीची दंतकथाही याच जातीची. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आल्यावर आबाजी महादेवांनी किल्ल्याचं काम काढलं आणि पायातच द्रव्य सापडलं, असं सांगतात. तोरण्यावरच्या धनातून राजगड उभा राहिल्याची कथा तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. किल्ला बांधायचा आणि खर्च जमिनीनं द्यायचा, हे आपल्याकडचं फार जुनं स्वप्न.

आता त्या स्वप्नाला बॅटरीवर चालणारं यंत्र मिळालं आहे. इंग्लंड-अमेरिकेतले लोक कानाला हेडफोन लावून रानातल्या पडक्या घरांभोवती मेटल डिटेक्टर फिरवतात आणि नाणी, बटणं, बंदुकीच्या गोळ्या काढतात, असे व्हिडिओ ढिगानं आहेत. यंत्र काही हजारांत घरपोच मिळतं. मग येऊरचं जंगल, मलंगगडाचा पायथा, बारवी धरणाच्या काठची ओसाड जोती डोळ्यांसमोर येणं साहजिकच. डोंबिवलीत राहून ट्रेकिंगची खाज असलेल्या कुणालाही हा मोह कळेल. मलाही कळतो.

मुळात हे यंत्र युद्धात मोठं झालं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं असं एक साधन बनवलं, पण त्याला गोळी काही सापडली नाही. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी त्याचा घात केला असं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्कीनं हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक तयार केला आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो कामी आला. तत्त्व सोपं आहे. खालच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, तिथल्या धातूत त्यामुळे छोटे प्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचं उलट येणारं क्षेत्र यंत्र टिपतं. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत कळते. त्याखाली साध्या यंत्राची मजल फारशी नाही.

आपल्या जमिनीत एवढंही नीट होत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचा, आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज भरलेलं. कोकणातला जांभा लोहानंच लाल झालेला. अशा मातीवर यंत्र धातू नसतानाही कुरकुरत राहतं. जिथे ते खरंच ओरडतं तिथे बहुधा गुटख्याच्या पुडीची चांदी, बाटलीचं बूच नाहीतर गेल्या शिमग्याला आलेल्या सहलीचा टिन निघतो.

पण खरी अडचण मातीची नाही. आपल्या रानातल्या घरांनी लोखंड मागे ठेवलंच किती? येऊरच्या पाड्यांवरचं जुनं घर कुडाचं, कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेलं, लाकडाला लाकूड वेलीनं नाहीतर खाचेनं जोडलेलं. खिळा म्हणजे चैन. पहार, कोयता, विळा, नांगराचा फाळ या जन्मभर पुरवायच्या वस्तू. माणूस घर सोडताना त्या आधी उचलतो. थोडं बऱ्या स्थितीतलं घर असेल तर कौलं, वासे, दाराची चौकट, कडी-कोयंडासुद्धा काढून नेतात.

अशा जोत्यावर जे उरतं ते डोळ्यांनी वाचायचं असतं. घडीव दगडांची एक ओळ, तीही निम्मी गवतात. आत जमिनीत बसवलेलं दगडी उखळ, ज्यात आता पावसाचं पाणी साठतं. जात्याची एकच तळी. मागच्या बाजूला मोरी होती तिथे कुणी न लावता दर पावसाळ्यात अळू उगवतं. चिंच किंवा आंबा असा एकटा उभा की ते रानचं झाड नव्हे हे कळावं. कौलाच्या तुकड्यावर साच्यातली अक्षरं असतील तर काळही अंदाजता येतो, कारण बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्यापूर्वी तसं कौल कोकणात असणार नाही. आणि जुनी वस्ती असेल तर पायाखालची माती राखेनं, शेणानं, चुन्यानं भुरकट झालेली. गावाची पांढरी ती हीच. पुरातत्त्वाची माणसं अशा ठिकाणी आधी उंदरांची बिळं बघतात. उंदीर खालच्या थरातली माती वर फेकतो आणि तिच्याबरोबर मणी, खापरं, बांगडीचे तुकडे फुकटात बाहेर येतात.

मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातर्फे कुरुष दलाल, सूरज पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साष्टी बेटाची जी पाहणी केली, ती अशीच पायी. हातात वही, कॅमेरा, जीपीएस. गावदेवीच्या पारावर शेंदूर फासून बसलेले वीरगळ, गद्धेगळ, पडक्या देवळांचे खांब त्यात नोंदले गेले. यातलं काहीही डिटेक्टरला ऐकू आलं नसतं.

शोधायलाच निघून ज्यांना मिळालं, त्यांच्यातही फरक आहे. कान्हेरी आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी तिथल्या चैत्यासमोरचा स्तूप फोडला आणि तांब्याची दोन पात्रं काढली. सोबत एक ताम्रपट, त्या काळच्या गणनेतलं वर्ष २४५, म्हणजे इ. स. ४९४ च्या आसपासचं. काम धसमुसळं झालं. मग १८८२ मध्ये सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी आले. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच, २०१४ पासून पालघरमध्ये. गावातले लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. भगवानलालांनी आधी मापं घेतली, मध्य काढला आणि मगच खणलं. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझमूर्ती. करंड्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. त्या सोन्याच्या करंड्यात होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले गेले असावेत, असं भगवानलालांनी मांडलं. डिटेक्टर या ठिकाणी तांब्यावर, चांदीवर, सोन्यावर भरपूर ओरडला असता. ज्याच्यासाठी हे सगळं घडवलं त्या तेरा खापरांवर गप्प राहिला असता.

आणि आपला कायदाही तसाच आहे. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा, अजून लागू. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की ती काय आहे, कुठे आणि कधी सापडली हे कलेक्टरला लेखी कळवायचं. कलेक्टर जाहीर सूचना काढतो आणि त्यानंतर चार ते सहा महिन्यांमधल्या ठरवलेल्या दिवशी हक्कदारांनी पुढे यायचं. शंभर वर्षांच्या आत कुणी दडवलेलं नाही असं ठरलं आणि वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर मात्र मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे ताम्रपट तांब्याच्या भावानं आणि वर वीस टक्के. जागा विचारली जाते ती मालक ठरवण्यापुरती. वस्तू कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं, हा प्रश्न १८७८ च्या माणसाला पडलाच नव्हता. हे त्या काळाला धरून झालं. दीडशे वर्षांत आपल्यालाही तो पडू नये, हे मात्र खटकतं.

परिणाम उघड आहे. सापडलेलं घेऊन सरकारी कचेरीत जावं तर चौकशीचा फेरा आणि हाती येणार मोडीचा भाव. त्यापेक्षा सोनाराकडे गेलेलं बरं, असं गरीब माणसाला वाटलं तर त्याला मी चोर म्हणणार नाही. इंग्लंडनं हे दुखणं ओळखलं. त्यांचा १९९६ चा कायदा सापडणाऱ्याला बाजारभावाचा मोबदला देतो आणि १९९७ पासून किरकोळ वस्तूंचीही नोंद स्वेच्छेनं करून घेण्याची योजना आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशरच्या शेतात टेरी हर्बर्टला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा मिळाला. त्याची किंमत ३२.८५ लाख पौंड ठरली, ती त्यानं आणि शेतमालकानं वाटून घेतली आणि साठा संग्रहालयात गेला. तरीही तिथले अनेक पुरातत्त्वज्ञ डिटेक्टरवाल्यांवर नाराज असतातच. नाणं एकदा मातीतून उपटलं की त्याच्या भोवतीचा थर गेला, मग नोंद कितीही सुबक करा.

आपल्याकडे तर नोंदीचीच सोय नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, संरक्षित स्मारकात खणणं १९५८ आणि १९६० च्या पुरातत्त्व कायद्यांत बसत नाही, आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा हौशी मंडळींनी यंत्र घेऊन उद्यानातल्याच येऊरच्या रानात जाऊ नये हे माझं स्पष्ट मत. वनखातं स्वतः डिटेक्टर वापरतं ते शिकाऱ्यांनी पुरलेले लोखंडी जबडा फास शोधायला, आणि तो उपयोग मला सगळ्यांत जास्त पटतो.

यंत्र नव्हतं तेव्हाही गुप्तधनाचा धंदा होताच. पायाळू मुलाच्या डोळ्यांत काजळ घालून त्याला जमिनीखालचं धन दिसतं का विचारायचं. मांडूळ पाळायचं. या बिचाऱ्या निरुपद्रवी सापापायी ठाणे-कल्याण पट्ट्यात तस्करांना अटक झाल्याच्या बातम्या अजून येतात. तांदूळ ओढणारं ‘राइस पुलर’ भांडं लाखो रुपयांना विकणारे ठकही याच बाजारातले. याचं टोक मराठवाड्यातल्या मानवतला दिसलं. १९७२ ते ७४ च्या हत्याकांडामागे गुप्तधनाची हावही होती. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला तो उगाच नाही.

पण हे सगळे चोर, ठक आणि हौशी एकत्र केले तरी जेसीबीपुढे किरकोळ आहेत. कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या सत्तावीस गावांत, शीळ-दिव्याच्या बाजूला, घोडबंदर रस्त्यावर रोज पाये खणले जातात. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथानं ज्याचं नाव घेतलं, कान्हेरीच्या दानलेखांत ज्याचे व्यापारी येतात, ते कल्याण याच मातीखाली आहे. दोन तळघरांच्या पार्किंगसाठी निघालेली माती डंपरनं खाडीकाठच्या भरावाला जाते, आणि तिच्यात खापरं होती की नाही हे ना मुकादमाला ठाऊक, ना इंजिनिअरला. बांधकाम परवानगीसाठी आग लागल्यास काय, झाड तोडल्यास काय, याचे दाखले मागितले जातात. जुन्या गावठाणाच्या पांढरीवर पाया घेणाऱ्याला मातीचा एक थर तज्ज्ञाला दाखवायची अट घालायला काय हरकत आहे? एक दिवस काम थांबेल. बिल्डर ओरडतील, ते एरवीही ओरडतातच.

बारवीचं धरण १९७२ चं. त्याची उंची वाढली आणि २०१९ मध्ये ते वाढीव पातळीपर्यंत भरलं. तोंडली, काचकोली, मोहघर अशी मुरबाडकडची गावं-पाडे त्यासाठी उठले आणि ते पाणी आज आमच्या डोंबिवलीच्या नळाला येतं. तिथून उठलेली माणसं हयात आहेत. कुठल्या जोत्यावर कुणाचं घर, गावदेव कुठे होता, विहीर कुणी बांधली, शेत नांगरताना आजोबांना काय मिळालं होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. मे महिन्यात धरणाची टक्केवारी पेपरात बरीच खाली आली की काठची जमीन उघडी पडते. तेव्हा त्यांच्यातल्या एखाद्या काकांना बरोबर घेऊन, ज्या खात्याची परवानगी लागते ती काढून, एखाद्या कॉलेजच्या इतिहास विभागानं नकाशा काढायला घ्यावा. लागेल ती सामग्री टेप, वही, मोबाइलचा कॅमेरा आणि टोपी.