मॅनेजर, पण कोणत्या स्केलचा?

तेलगावहून परळीकडे निघालं की दिंद्रुड लागतं. माजलगाव तालुक्यातलं, कापूस-उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. या भागात लग्नाची बोलणी सुरू होतात, तेव्हा ‘पोरगं काय करतंय?’ या प्रश्नाला ‘बँकेत मॅनेजर हाय’ असं उत्तर आलं, की विचारणं तिथंच थांबतं. हल्ली ‘पोरगी बँकेत मॅनेजर हाय’ असंही ऐकू येतं आणि तिथंही कुणी पुढं विचारत नाही. मला वाटतं, खरी विचारपूस इथूनच पुढं व्हायला हवी. मॅनेजर हा शब्द आज एकाच गावात तीन अगदी वेगळ्या माणसांना लावला जातो आणि त्या तिघांच्या पगारात, सुट्टीत, म्हातारपणात कसलंच साम्य नसतं.

पहिला पतसंस्थेतला. पाटी ‘शाखा व्यवस्थापक’ अशी, पण पगार संचालक मंडळ ठरवेल तो. राष्ट्रीयीकृत बँकांसारखा देशभर लागू असणारा वेतन करार त्याला नाही. बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या मल्टिस्टेट संस्था अडचणीत आल्या, तेव्हा ठेवीदार सगळ्यात आधी याच माणसाच्या दारात उभे राहिले. ठेवी कुणी कुठं वळवल्या हे त्याला ठाऊकही नसेल, पण गावाला चेहरा त्याचाच माहीत होता.

दुसरा खासगी बँकेतला. तिथं पदांची नावं भारदस्त असतात. पस्तिशीतला माणूस ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ असतो. गावाकडं ‘उपाध्यक्ष’ ऐकून लोक दचकतात, पण त्या हुद्द्याची माणसं एकेका बँकेत ढिगानं असतात. त्याचा पगार ‘सीटीसी’ नावाच्या आकड्यात सांगितला जातो. समजा, तो वर्षाला १२ लाख आहे. त्यात बँकेनं भरायचा भविष्य निर्वाह निधी येतो, ग्रॅच्युइटी येते, बऱ्याचदा विम्याचा हप्ताही येतो. शिवाय काही भाग ‘व्हेरिएबल’ असतो. तो टार्गेट झालं, साहेबांनी वरचं रेटिंग दिलं, तर मिळतो. म्हणून १२ लाखांना १२ नं भागून महिन्याचा लाख धरणारा बाप फसतो.

तिसरा सरकारी किंवा ग्रामीण बँकेतला. त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्याच्या पदाच्या नावावरून काहीच कळत नाही आणि स्केलवरून, म्हणजे वेतनश्रेणीच्या पायरीवरून, जवळजवळ सगळं कळतं. दुसऱ्या स्केलच्या अधिकाऱ्याला स्टेट बँकेत डेप्युटी मॅनेजर म्हणत आले, तर बाकीच्या सरकारी बँकांत मॅनेजर. तिसऱ्या स्केलला तिकडं मॅनेजर, इकडं सिनियर मॅनेजर. चौथ्या स्केलचा चीफ मॅनेजर, पाचव्याचा ‘एजीएम’. नावं कशीही बदलोत, स्केलचा आकडा देशभर एकच. १९७४ च्या पिल्लई समितीच्या अहवालानंतर, १ जुलै १९७९ पासून राष्ट्रीयीकृत बँकांतल्या अधिकाऱ्यांची ही एकसारखी उतरंड लागू झाली. त्याआधी ज्या बँकेची जशी रीत, तसा पगार होता.

सध्याचे आकडे बँका आणि कर्मचारी-अधिकारी संघटना यांच्यात ८ मार्च २०२४ ला झालेल्या समझोत्यातले आहेत. ते १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरले गेले. पहिल्या स्केलचा मूळ पगार ४८,४८० पासून ८५,९२० पर्यंत. दुसऱ्याचा ६४,८२० ते ९३,९६०. तिसऱ्याचा ८५,९२० ते १,०५,२८०. चौथा १,०२,३०० ला सुरू होतो. यावर दर तिमाहीला बदलणारा महागाई भत्ता, घरभाडं, आणि मूळ पगाराच्या पाव हिश्श्याहून जास्त असलेला विशेष भत्ता. हा विशेष भत्ता हातात येतो, पण निवृत्तीच्या लाभांच्या हिशेबात धरला जात नाही. संघटनांची ती जुनी तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते.

याशिवाय पगारपत्रकात न दिसणाराही एक पगार असतो, तो म्हणजे सवलतीच्या व्याजाचं घरकर्ज. त्यावरच्या सवलतीला उत्पन्न मानून कर लावणं योग्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये दिला. स्टेट बँकेच्या दराशी तुलना करून जेवढं व्याज वाचलं, तेवढ्यावर कर. दुसरीकडं, १ एप्रिल २०१० नंतर सरकारी बँकेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. आज चाळिशीला टेकलेले बहुतेक अधिकारी त्यातलेच. एकाच शाखेत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला निवृत्तीनंतर ठरलेली पेन्शन आणि दुसऱ्याला बाजार देईल तेवढं, ही दरी पगाराच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी आहे.

दिंद्रुडसारख्या गावात बसून हे लिहिताना ग्रामीण बँकेची कहाणी वगळता येत नाही. १९७५ मध्ये नरसिंहम कार्यगटानं या बँकांची कल्पना मांडली, तीच मुळी कमी खर्चाची बँक म्हणून. गावात काम, गावातलाच माणूस, म्हणून पगार राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याच्या तोडीचा. १९७६ साली नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक उभी राहिली ती याच हिशेबानं. पण पीककर्जाची फाइल माजलगावात केली काय नि मुंबईत केली काय, काम तेच. हा साधा मुद्दा मान्य करून घ्यायला देशभरातल्या ग्रामीण बँक कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. न्या. ओबुल रेड्डी यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणानं १९९० मध्ये निवाडा दिला आणि १ सप्टेंबर १९८७ पासून प्रायोजक बँकेइतका, म्हणजे ग्रामीण बँकेच्या पाठीशी असलेल्या मोठ्या बँकेइतका, पगार मान्य झाला. तरी पुढच्या करारांच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला समानता कायम असल्याचं सांगावं लागलं. पेन्शन तर २०१८ मध्ये मिळाली. आज ग्रामीण बँकेतल्या स्केल टूच्या बाईंचा मूळ पगार पुण्यातल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या स्केल टूइतकाच असतो, तो कुणी आपण होऊन दिलेला नाही.

आता बढतीचा हिशेब. वरचे आकडे पुन्हा पाहा. पहिली स्केल जिथं संपते, त्याच ८५,९२० वर तिसरी सुरू होते. पहिल्या स्केलमध्ये एकूण १६ वार्षिक वाढी आहेत. म्हणजे पंचविशीत लागलेला अधिकारी एकही बढती न घेता एक्केचाळिशीत तिथं पोचतो, जिथून नव्या सिनियर मॅनेजरची सुरुवात होते. पुढं त्याचा पगार अडखळतो, अधूनमधून मिळणाऱ्या स्टॅग्नेशन वाढींवर चालतो, हे खरं. पण चाळिशीच्या आतबाहेर, आईवडील थकलेले, पोरं शाळेत, शिवारात विहिरीचं काम अर्धवट, अशा वेळी बढतीनं लगेच वाढणारे पैसे आणि बढतीसोबत येणारी बदली यांची तुलना घरोघरी होते. कुटुंब गावी आणि साहेब भाड्याच्या खोलीत, असा दोन चुलींचा खर्च वाढीव पगार बघता बघता खाऊन टाकतो. त्यात १ मे २०२५ पासून राज्यातल्या दोन्ही ग्रामीण बँका एक झाल्या. विदर्भ-कोकणची बँक आणि मराठवाड्याच्या मुळाची बँक यांची एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. पूर्वी बीडच्या माणसाला लांबची बदली झाली तरी ती आपल्याच बँकेच्या हद्दीत असे. आता त्याच हद्दीत गडचिरोलीही आहे आणि सिंधुदुर्गही.

बोनसचं गणित इथंच येऊन मिळतं. सरकारी बँकांत २०२० च्या करारापासून कामगिरीशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता सुरू झाला. बँकेचा कार्यकारी नफा वर्षात ५ ते १० टक्के वाढला तर ५ दिवसांचा पगार, १० ते १५ टक्के वाढला तर १० दिवसांचा, त्याहून जास्त वाढला तर १५ दिवसांचा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून लाख रुपये असतील, तर १५ दिवसांचे पन्नास हजार. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण शिपायापासून साहेबापर्यंत दिवस सगळ्यांना सारखे, ही त्यातली चांगली गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं चौथ्या स्केलपासून वरच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी, कितीतरी मोठी योजना पुढं केली. संघटनांनी विरोध केला. मार्च २०२५ मध्ये पुकारलेल्या आणि ऐनवेळी पुढं ढकललेल्या दोन दिवसांच्या संपाच्या मागण्यांत ही योजना मागं घेण्याचीही मागणी होती.

माझा कल संघटनांकडं आहे. एखाद्या वर्षी वसुली चांगली होते, तेव्हा ती दुपारच्या उन्हात वस्तीवर जाणाऱ्या स्केल वनच्या पोरानं केलेली असते. कर्जमाफीच्या याद्या रात्री जागून त्यानंच भरलेल्या असतात. चीफ मॅनेजरच्या खुर्चीपासून वर बोनसची वेगळी शिडी लावली, तर तिसऱ्या स्केलला थांबलेल्यांना एकच गोष्ट दिसणार: गाव सोडा, चौथी स्केल गाठा. आणि नियम समजणारा, लोकांना नावानं ओळखणारा, चाळिशीतला अधिकारी दिंद्रुडच्या पट्ट्यात थांबायचं म्हणालाच, तर त्याच्या घरचेच त्याला विचारतील, ‘मग बढतीचा फॉर्म का भरला नाहीस?’