जुन्या वस्तऱ्याला धार

शिरूर-दौंडकडच्या कितीतरी घरांत जुनी पेटी उघडली, की तळाशी एखादा वस्तरा निघतो. आजोबांचा असतो, नाहीतर चुलत्यांचा. वर गंज चढलेला असतो. घरचे म्हणतात, "द्या भंगारात." थांबा मंडळी! आधी तो नीट बघा.

आमच्या वडिलांचे असे दोन वस्तरे आमच्याकडे आले. एकावर इंग्लंडातल्या शेफील्ड गावाचे नाव होते. दुसऱ्यावर जर्मनीतल्या झोलिंगेनचे. ही दोन्ही गावे पोलादी पात्यांसाठी जगात नावाजलेली आहेत. पुढे १९०३ साली अमेरिकेत जिलेट कंपनीने बदलायची पातळ पाती विकायला काढली. मग हळूहळू वस्तरा पेटीत जाऊन बसला.

पहिला वस्तरा आम्ही घाईने घालवला. शिरूरच्या बाजारात चाकावर सुऱ्यांना धार लावून मिळत होती. तिथे दिला. चाक फिरले, ठिणग्या उडाल्या, कड निळसर पडली. आम्हाला वाटले, काम झाले. पण दोन दाढ्यांत धार गेली. गावातल्या म्हाताऱ्या नाभिकांना दाखवला. ते म्हणाले, "गुरुजी, ह्याचं पाणी उतरलं की हो! वस्तऱ्याला चाक दाखवायचं नसतं."

पाणी उतरले म्हणजे काय? पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले, की ते कडक होते. यालाच पाणी देणे म्हणतात. वस्तऱ्याची कड फार पातळ असते. चाकावर ती क्षणात तापते आणि तिचा कडकपणा जातो. निळा रंग ही त्याचीच खूण.

दुसरा वस्तरा त्यांनी आमच्याच हातून नीट करून घेतला. त्याची रीत अशी.

आधी पाते उजेडात धरून बघा. पात्याला चीर असेल तर तो वस्तरा वापरू नका. धारेवरच गंजाचे खोल खड्डे असतील, तरी नाद सोडा. गंज नुसता वरवर असेल तर तो निघतो.

पाते लाकडी फळीवर सपाट ठेवा. शिलाई मशीनचे तेल लावा. बारीक पॉलिश पेपरने हळू घासा. हात पाठीकडून धारेकडे न्या. उलटा आणलात तर बोट कापेल. मग फडक्याने पुसून घ्या.

आता दगड. आम्ही दौंडच्या दुकानातून बारीक दाण्याचा, अगदी सपाट दगड आणला. त्यावर पाणी टाका. पाते आडवे ठेवा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली पाहिजेत. चाकू किती तिरपा धरायचा, ते हाताने ठरवावे लागते. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड केलेली असते. ती टेकली, की तिरपेपणा आपोआप बरोबर बसतो. म्हणून पाठ कधी उचलू नका.

धार पुढे ठेवून पाते सरकवा. दगड संपला, की पाठीवरून पाते उलटा आणि परत आणा. जोर लावू नका. पात्याचे वजन पुरे. आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या.

शेवटी चामोटी. खऱ्या कातड्याचा पट्टा खिळ्याला अडकवून ताणून धरा. इथे रीत उलटी. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे केली तर पट्टाच कापेल. पंचवीस-तीस वेळा फिरवा. धारेची परीक्षा बोटाने घेऊ नका. हाताच्या केसांवरून पाते जरा अधांतरी फिरवा. केस तुटला, की धार आली.

दाढीआधी गरम पाणी आणि साबण लावून केस मऊ करा. कातडी ताणून धरा. दाढी झाली, की पाते धुऊन कोरडे करा आणि तेलाचे बोट फिरवा. ओला वस्तरा मिटून ठेवला, की पुन्हा गंज आलाच. पोराबाळांच्या हाती लागू देऊ नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. एक वस्तरा, एकच माणूस. भाऊ असो, मुलगा असो, आपला वस्तरा दुसऱ्याला देऊ नका. दाढी करताना बारीक जखमा होतात. पात्याला लागलेले रक्त डोळ्यांना दिसतही नाही. पण 'ब' कावीळ त्यातून पसरते. तिचे विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जिवंत राहतात. नुसते पाण्याने धुऊन ते जात नाहीत. दुकानात दाढीला बसाल, तेव्हा नवे पाते आपल्यासमोर घालायला सांगा. त्यात लाजायचे काय?

वडिलांचा एक वस्तरा आमच्या घाईने गेला. दुसऱ्याने आम्ही आजही दाढी करतो. तुमच्या पेटीत एखादा असेल, तर उद्या उजेडात धरून बघा.