उंदीर आणि अहेरीचा रुग्ण

अंग दुखते म्हणून वर्गात मुकाट बसून राहणारे मूल अहेरीकडील शिक्षकांनी पाहिलेले असते. सिकलसेल हे त्या दुखण्याचे एक कारण.

1997 साली अमेरिकेत उंदराची स्वतःची हिमोग्लोबिन-जनुके निकामी करून त्याच्यात मानवी सदोष जनुक रुजविण्यात आले. मूळ वाणाचा उंदीर शेजारी ठेवला, की फरकाचे कारण जनुकात शोधता येते. परंतु हिवतापाच्या प्रदेशात हेच जनुक, एकेरी असल्यास, माणसाचे रक्षण करते; ‘मूळ’ तेच निकोप, हे प्रयोगशाळेतच खरे! शिवाय अनेक भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ उरते. त्या उंदरात ते जवळजवळ नसते. मग त्याच्यावर पारखलेले औषध येथे तसेच लागू पडेल, हे येथील रुग्णांना न तपासता गृहीत का धरावे?