रंगाआधी भिंत वाळू द्या

२० मार्चची गर्दी ओसरली, क्रांतिस्तंभाजवळचे पुस्तकांचे स्टॉल उठले, की महाड-पोलादपूरच्या आपल्या वाड्यांत रंगाची बोलणी सुरू होतात. १४ एप्रिलला मुंबईची मंडळी येणार. निदान पुढची खोली तरी रंगवून घेऊ, असं प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतंच. आरोग्याच्या पानावर रंगाचं काय काम, असं ज्यांना वाटेल त्यांना आम्ही आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. चिखल उपसला, भिंती धुतल्या आणि ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी लांबी भरून चकचकीत प्लास्टिक पेंट मारला. भिंतीवरची पुराची रेघ दिसेनाशी झाली, याचंच मोठं समाधान वाटलं. दीड महिन्यात कमरेच्या उंचीपर्यंत रंगाला फोड आले, पोपडे सुटले आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. धाकटीला रात्रीचा खोकला लागला. झोपेत छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, "पोरगी झोपते त्या भिंतीला ओल आहे का?" तोवर आम्ही थंडीला, धुळीला, बाहेरच्या खाण्याला दोष देऊन मोकळे झालो होतो.

ओलीत वाढणारी बुरशी हवेत बारीक बीजं सोडते. ती श्वासावाटे आत गेली की दम्याच्या माणसाचा त्रास वाढतो, लहान मुलांना खोकला आणि घरघर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर वेगळी मार्गदर्शिकाच काढली, ती याच कारणाने. वरून रंग मारला म्हणून ओल जात नाही. प्लास्टिक पेंटचा पापुद्रा आतल्या पाण्याची बाहेर यायची वाट अडवतो, मग ते पाणीच रंगाला ढकलून देतं.

जुनी गवंडी माणसं एक हिशेब सांगतात: पाणी प्यायलेली भिंत इंचाला एक महिना या गतीने वाळते. नऊ इंची विटेची भिंत म्हणजे नऊ महिने. जुलैत पूर आला तर एप्रिल. आम्ही तिला तीन महिनेसुद्धा दिले नव्हते. पूर नसला तरी आपल्या दोन्ही तालुक्यांत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ज्या भिंतीवर झड बसते ती ऑक्टोबरात ओलीच असते. म्हणून जयंतीआधी रंगवायची आपली चाल भिंतीच्याही सोयीची आहे. मार्च-एप्रिलइतकी कोरडी भिंत वर्षात पुन्हा मिळत नाही.

तरीही खात्री करून घ्या. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. काढताना आतून दव धरलेलं दिसलं तर भिंतीत पाणी आहे. मग रंगाचे पैसे बाजूला ठेवून ते कुठून येतं ते शोधा. मागच्या अंगाला भिंतीला टेकून माती साचली आहे का? मोरीचं पाणी पायातच मुरतं का? कौल सरकलंय का, पत्र्याचा खिळा सैल झालाय का? आमच्याकडे मागच्या अंगणाची माती घरातल्या जमिनीपेक्षा वीतभर वर आली होती. फावड्याने ती ओढून पाण्याला उतार करून दिला. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

भिंतीवर बुरशी असेल तर ती कोरडी झाडू नका, घरभर उडते. तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. काही जण ब्लीचिंग पावडर वापरतात. चालेल, पण तिच्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जिवावर बेतू शकतो.

आता जुना रंग. दारं-खिडक्यांवर वर्षानुवर्षांचे ऑइलपेंटचे थर असतात, आणि त्यात, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत, शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, शिकण्याची शक्ती कमी करतं, आणि अमुक इतकं चालेल अशी त्याची सुरक्षित मात्राच नाही. पोरांना शिकवण्यासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. आणि त्याच घरात दार कोरडं घासून ती भुकटी रांगत्या बाळाच्या हाताला लागू देतो! दार आधी पाण्याने भिजवा, पॉलिश पेपरही ओलाच वापरा, खाली कागद पसरा. पोपडे गोळा करून पिशवीत बांधून टाका, अंगणात झाडू नका. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी शेजारी पाठवा. आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते: मोडकं रंगवलेलं दार बंबात किंवा चुलीत जातं. त्या धुरातही शिसं असतं. त्या लाकडावर तापलेलं पाणी फार महागात पडतं.

भिंतीला काय लावावं? आम्ही दुसऱ्या वेळी कमरेपर्यंतचा गिलावा काढला, भिंत एप्रिलपर्यंत उघडी ठेवली. आल्या-गेल्याला ती उघडी वीट दाखवायला लाज वाटायची, पण ठेवली. मग नवा गिलावा करून चुना दिला. चुना स्वस्त आहे, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि तो जहाल असल्यामुळे बुरशीला सहज थारा देत नाही. मात्र ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, भिंत खरवडूनच द्यावा लागतो. कळीचा चुना विरवताना पत्र्याच्या डब्यात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतो. तेव्हा मुलं लांब हवीत. डोळ्यात उडाला तर चोळू नका. निदान वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तडक ग्रामीण रुग्णालय गाठा. एक-दोन दिवस मुरलेला चुना फडक्याने गाळा, दुधाइतका पातळ करा, भिजवलेला डिंक घाला. भिंतीवर पाणी मारून तीन पातळ हात द्या. पहिला हात दिल्यावर काही दिसत नाही म्हणून जाड थापू नका, वाळला की उजळतो.

डिस्टेंपर किंवा पाण्यात मिसळायचा रंग घेतला तर डब्यावर शिसेविरहित असं लिहिलेलं पाहा. ऑइलपेंट दारापुरताच ठेवा. त्याचा आणि टर्पेंटाईनचा वास म्हणजे नाकातून शिरणारी वाफच असते. खिडक्या उघड्या ठेवा, शेगडी पेटवू नका आणि दोन-तीन रात्री त्या खोलीत कोणी झोपू नका. आपल्या वाड्यांतले जे भाऊ पुण्या-मुंबईला रोज हेच काम करतात, त्यांनी जेवणाआधी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

रंग कुठला, यावर घरात भांडण ठरलेलं. आमच्याकडे थोरल्याला चारही भिंती गडद निळ्या हव्या होत्या. लहान खोलीत गडद रंग उजेड गिळतो, आणि त्याच खोलीत मुलं अभ्यासाला बसतात. शेवटी दारासमोरची एकच भिंत निळी केली, बाकीच्या आणि छत पांढरं. टेबल खिडकीशी ठेवलं. बुद्ध, बाबासाहेब आणि रमाईचे फोटो पूर्वी पावसाच्या बाजूच्या भिंतीवर होते. त्यांच्या मागे ओल धरून एका फोटोचा कागदच खराब झाला होता. आता ते आतल्या भिंतीवर आहेत, आणि प्रत्येक फ्रेमला मागून खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवलेत, म्हणजे मागून हवा खेळते. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. वंदनेच्या वेळी मेणबत्ती, अगरबत्ती लावली की खिडकी उघडतो. धाकटी आता त्याच खोलीत झोपते.

उरलेला रंग टाकू नका, पावसाळ्यानंतर एखाद्या डागाला लागतो. पण तो आणि टर्पेंटाईन मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, उंच फळीवर ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नको. तहानलेलं पोर बाटली तोंडाला लावतं. टर्पेंटाईन पोटात गेलंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, ते फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घ्या आणि लगेच दवाखान्यात न्या.